घरातले 'नको'

माणसाने दिलेला नकार कितपत खरा मानावा, हा प्रश्न जुना आहे. पण नीतीची चर्चा करणारे लोक तो करार, विवाह, शस्त्रक्रिया अशा भारदस्त विषयांच्या निमित्ताने हाताळतात. जेवणाच्या पंगतीत, कापडाच्या दुकानात आणि सहलीच्या बेतात जो नकार रोज दिला जातो आणि रोज घेतला जातो, त्याच्याकडे कोणी तत्त्वज्ञ फिरकल्याचे माझ्या वाचनात नाही. "मला नको" हे दोन शब्द मराठी घरात दिवसातून किती वेळा उच्चारले जातात, आणि ते ऐकणारा किती निश्चिंतपणे पुढचा घास घेतो! त्या निश्चिंतपणाला काही आधार आहे काय, एवढेच मला इथे पाहायचे आहे.

प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो लंडनच्या निमित्ताने. माझे आजोळ दौंडचे. आजोबांनी रेल्वेच्या नोकरीत पै-पै साठवून वरवंडच्या बाजूला थोडी जमीन घेतली होती. तिच्यातला आईच्या वाट्याचा तुकडा रस्त्याच्या रुंदीकरणात गेला आणि त्याचा मोबदला आईच्या नावे जमा झाला. शिरूरला आमच्या घरी त्या रकमेवर चार दिवस खल झाला. कोणी म्हणाले, वर दोन खोल्या काढा; कोणी म्हणाले, मुदत ठेव करा. आईने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "खोल्या न् ठेवी तुमच्या तुम्ही करालच. हे पैसं बसून खायाचं न्हाईत. पोरांना ते लंडन दावून आणा." आणि लागलीच, कोणी विचारायच्या आत, "मला मातर नको. मी घर बघते."

सत्तरी ओलांडलेल्या बाईने नातवंडांना लंडन दाखवण्याची आज्ञा करावी, याचे आमच्या आळीत कौतुक झाले. माझ्या मुलीचे वय पंधरा, मुलाचे बारा. त्यांनी जुन्या कॅलेंडराच्या पाठकोऱ्या पानावर यादी करून ती भिंतीला लावली. मुलाच्या यादीत टॉवरमधला कोहिनूर आणि लॉर्ड्सचे मैदान. मुलीच्या यादीत ब्रिटिश म्युझियम. १७५३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात आपल्या अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट आहेत, हे तिने मला सांगितले. पत्नीला किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर पाहायचे होते. १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब आंबेडकर त्या घरात राहत असत; महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते विकत घेऊन तिथे स्मारक केले. माझी इच्छा अगदी मास्तरी होती. इतकी वर्षे फळ्यावर शून्य रेखांश काढत आलो. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत तो ग्रीनिचचा ठरला, हे पाठ म्हणून दाखवत आलो. शिरूरचे रेखांश साडेचौऱ्याहत्तरच्या किंचित अलीकडे, म्हणजे सूर्य आमच्याकडे ग्रीनिचच्या आधी पाच तासांना दोन-तीन मिनिटे कमी इतक्या वेळाने येतो, हे गणित मुलांकडून करून घेत आलो. त्या रेषेवर एकदा दोन्हीकडे पाय टाकून उभे राहावे, एवढेच.

तिथली मोठी राष्ट्रीय संग्रहालये पाहायला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते त्यांच्या दारापर्यंत जायला. सहा महिन्यांच्या भेटीच्या व्हिसाची फी २०२५ च्या एप्रिलपासून माणशी १२७ पौंड झाली, आणि पौंडाचा भाव शंभर रुपयांच्या वर. अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही. विमान, मुक्काम, जेवण असा सगळा हिशेब मांडला तेव्हा चौघांचा खर्च मोबदल्याच्या रकमेत बसत होता. पाचांचा बसत नव्हता; थोडा, पण नव्हता. आईने हा हिशेब पाहिलेला नव्हता. मात्र तिने आयुष्यभर दुसरे काही केले नव्हते, म्हणून कागद न बघताही तो तिला ठाऊक असावा.

इथून माझ्या विचाराला सुरुवात झाली. माझे एक सहशिक्षक आहेत, फार सरळ बुद्धीचे गृहस्थ. त्यांचे म्हणणे असे की, सज्ञान माणूस जे बोलतो ते प्रमाण मानावे. "तुमच्या आई काही लहान नाहीत. त्या नको म्हणाल्या, विषय संपला. त्यांच्या मनात खरे काय आहे हे तुम्हांला त्यांच्याहून जास्त कळते, असे समजणे हाच त्यांचा अपमान." या युक्तिवादात दम आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत "त्यांना काय कळतंय" असे म्हणून जे जे केले जाते ते पाहिले म्हणजे, निदान त्यांचा शब्द तरी प्रमाण माना असे ओरडून सांगावेसे वाटते.

पण शब्द प्रमाण मानायचा तर आधी तो शब्द कशाविषयी आहे हे समजले पाहिजे. मी लहान असताना आमच्या घरी आई सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसे. भाकरीची दुरडी तिच्या हाताशी असे. कधी पाहुणा आला, कधी आम्हां मुलांना भूक जास्त लागली, की ती म्हणे, "मला आज भूकच न्हाई." पाहुणा नसेल त्या दिवशी तिला भूक असे. हे मी जेव्हा जरा मोठेपणी ध्यानात घेतले तेव्हा मला कळले की "भूक नाही" हे वाक्य तिच्या पोटासंबंधी नव्हतेच. ते दुरडीसंबंधी होते. दुरडीत किती भाकरी उरल्या आहेत याची ती बातमी होती, फक्त ती पोटाच्या भाषेत दिलेली. त्यात खोटेपणा नव्हता. खोटे बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला फसवू पाहतो. इथे सगळ्या घराला ही भाषा येत होती आणि ती येत नसल्यासारखे वागणे सगळ्यांना सोयीचे होते.

हे एका माझ्या आईचे नाही. महाराष्ट्रातल्या बायकांच्या दोन-तीन पिढ्या या भाषेत वाढल्या. लुगडे घेताना "मला आहे की मागच्या सालचं", औषध आणताना "राहू द्या, बरं वाटतंय". अशा माणसाचे "नको" जसेच्या तसे स्वीकारणे म्हणजे त्याच्या इच्छेचा मान राखणे, असे कसे म्हणता येईल? त्या वाक्यात त्याची इच्छा आलेलीच नाही. आला आहे तो फक्त घरातला साठा.

आता याच्या उलट बाजूलाही एक खड्डा आहे, आणि शिकलेले लोक बहुधा त्यात पडतात. "आईला नेलेच पाहिजे" असे म्हणून तिला विमानात बसवायचे, तिचे गुडघे दुखत असताना भुयारी रेल्वेच्या जिन्यांवरून चढवायचे-उतरवायचे, पुलावर उभे करून फोटो काढायचा आणि तो गावभर पाठवायचा. यात आईचे काय झाले? श्रावणबाळाची कथा अशा वेळी हमखास सांगितली जाते. पण त्या कथेत तीर्थयात्रेची इच्छा आई-बापांची होती. मुलाने फक्त खांदा दिला. आपल्याकडचे पुष्कळ श्रावणबाळ कावड आधी तयार करतात आणि मग आई-बापांना शोधत हिंडतात.

त्या कथेतली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ते आई-बाप आंधळे होते. आंधळी माणसे तीर्थे पाहायला निघाली, आणि इतक्या शतकांत एकाही कथेकऱ्याला त्यात विसंगती वाटली नाही! आईचा दुसरा युक्तिवाद होता, "मला तिथलं काय कळणार? ना भाषा, ना वाचता येत." त्यावर मला ते आंधळे जोडपे आठवले. आपल्याकडे दर्शन हे डोळ्यांचे काम कधीच नव्हते. तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला येते तेव्हा आईच्या माहेरची माणसे तिच्याबरोबर पंढरपूरपर्यंत चालत जात. आषाढीच्या गर्दीत त्यांतल्या कित्येकांना गाभारा दिसत नसे. लांबून कळस पाहून, हात जोडून ते परत फिरत. कळसाचे दर्शन हे अर्धे दर्शन, असे त्यांना कोणी म्हटलेले मी ऐकले नाही.

आणि कळण्याचेच म्हणाल तर एक प्रसंग सांगतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे साताऱ्याला गेलो. ही वाघनखे साताऱ्याच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती आणि त्याच्या वंशजांकडून ती संग्रहालयाला मिळाली. शिवछत्रपतींनी अफजलखानाच्या वेळी वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. माझा मुलगा याच मुद्द्यावर तावातावाने बोलत होता. मी त्याला पुरावा म्हणजे काय ते समजावीत होतो. आई काचेपाशी बराच वेळ उभी होती. ती म्हणाली, "बोटं केवढी बारीक असत्याल रे त्यांची." आम्ही दोघेही गप्प झालो. मग आम्ही पहिल्यांदा त्या अंगठ्यांकडे पाहिले. तोपर्यंत आम्ही फक्त वाद पाहत होतो.

म्हणजे "तिला काय कळणार" हा मुद्दा निकालात निघाला. उरला प्रश्न तिच्या "नको"चा.

मराठी माणसाच्या विलायतेच्या प्रवासाचा इतिहास मी या दृष्टीने पुन्हा चाळून पाहिला. १७८१ साली रघुनाथराव पेशव्यांचा वकील हणमंतराव दोन पारशी सोबत्यांना घेऊन लंडनला गेला. सोवळ्यात स्वयंपाक करायचा तर करायचा कुठे, अशी त्याची पंचाईत झाली तेव्हा एडमंड बर्कने त्याला आपल्या बीकन्सफील्डच्या बागेतले काचघर मोकळे करून दिले. (आईच्या एकादश्यांची आणि तिच्या जेवणाची काळजी करणाऱ्या माझ्या पत्नीला मी ही हकीकत सांगितली. तिने विचारले, "आत्यांना काचघर कोण देणार आहे?") पुढे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गेले. ज्यांच्यासाठी ते गेले ते महाराज १८४७ साली काशीला कैदेतच वारले, तरी रंगो बापूजी लंडनला चिकाटीने राहिले, तेरा-चौदा वर्षे. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. दोघांनी जावे असा आधी विचार होता. ते जमेना तेव्हा गोपाळरावांनी अठरा वर्षांच्या पत्नीला एकटीला पाठवले. एकाच तिकिटाचे पैसे असताना घरातले कोणी जावे, या प्रश्नाला एवढे विलक्षण उत्तर त्या काळात दुसऱ्या कोणी दिल्याचे मला माहीत नाही. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला पोचल्या.

या सर्वांविषयी आपल्याला माहिती आहे, कारण ते गेले. मागे राहिलेल्यांचे प्रवासवर्णन कोणी लिहीत नाही. पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आली. तिच्यामुळे महाराष्ट्रातल्या हजारो घरांनी खुर्चीत बसून लंडन पाहिले. मला ते पुस्तक फार आवडते. परंतु मागे राहण्याचे पुस्तक अजून कोणी लिहायचे आहे. बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात उपाशीपोटी दिवस काढत होते तेव्हा इकडे परळच्या चाळीत रमाबाई ज्या ओढाताणीत संसार चालवत होत्या, ती त्या पदव्यांची दुसरी बाजू आहे. याच रमाबाईंनी पुढे एकदा पंढरपूरला जाण्याची इच्छा बोलून दाखवली, असे चरित्रकारांनी नोंदले आहे. त्या "नको" म्हणाल्या नाहीत. "जायचे आहे" म्हणाल्या. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की, जिथे आपल्याला देवळाबाहेर उभे करतात तिथे जायचे नाही. त्या वेळी अस्पृश्यांना पंढरपुरात चोखोबाच्या समाधीपाशीच थांबावे लागे; साने गुरुजींच्या १९४७ च्या मे महिन्यातल्या उपोषणानंतर ते दार उघडले. रमाबाई १९३५ सालीच वारल्या होत्या. हा नकार देण्यामागे जो स्वाभिमान होता तो मला कळतो, पटतो. तरी त्या बाईने तोंड उघडून मागितलेली ही एक गोष्ट, आणि ती राहून गेली, हेही माझ्या मनातून जात नाही. दोन्ही खरे आहे.

आता मी ज्या ठिकाणी अडलो ते सांगतो. व्हिसाच्या कागदपत्रांत सगळ्यांत कळीचा मुद्दा पैशाचा नाही. तुम्ही परत येणार याची खात्री त्या अधिकाऱ्याला पटली पाहिजे, हा आहे. नोकरी, घर, जमीन, माणसे, असे जे जे तुम्हांला इकडे बांधून ठेवते त्याचे दाखले जोडायचे. सातबाऱ्याचा उतारा इंग्रजीत भाषांतर करून घ्यायचा. मला या अटीचा राग येत नाही. उलट ती मला विचारप्रवर्तक वाटली. आयुष्यात प्रथमच कोणीतरी मला लेखी विचारत होते की तुला घरी परत आणणारे असे काय आहे? आमच्या शिरूरला कर्नल वॉलेसची समाधी आहे. असईच्या १८०३ च्या लढाईत लढलेला हा इंग्रजी फौजेचा अधिकारी घोडनदीच्या छावणीत १८०९ साली वारला. त्याचे परत जाणे झालेच नाही. लोकांनी त्याला 'सत्पुरुष' ठरवले. सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या समाधीपुढे येत असे, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात आहे. जिंकायला आलेल्या माणसाला नैवेद्य दाखवणारे आमचे गाव, आणि बघायला निघालेल्या माणसाकडून परतीचा पुरावा मागणारा त्याचा देश. असो, हे विषयांतर झाले.

तर या कामातल्या एका माहीतगार गृहस्थांकडे मी पुण्याला गेलो होतो. त्यांनी आमचे कागद चाळले आणि विचारले, "आई येणार आहेत का?" मी म्हटले, "नको म्हणताहेत." ते खूश झाले. "उत्तम! म्हातारी आई मागे राहते आहे, तिची जबाबदारी तुमच्यावर आहे, असे एक पत्र जोडा. तुम्ही परत येणार याचा याहून चांगला पुरावा नाही."

ते व्यवहाराचे बोलले. त्यांत त्यांचा काही दोष नाही. पण बसमध्ये बसल्यावर माझ्या ध्यानात आले की आईच्या "नको"चा आता आम्हांला दुहेरी फायदा होत होता. खर्च हिशेबात बसत होता आणि अर्जाला बळकटी येत होती. दुरडी पुन्हा तिच्या हाताशी होती, आणि पंगत मोठी होती. आपल्या सोयीचा नसलेला नकार माणूस किती कसोशीने तपासतो! मुलाने "मला अभ्यास नको" म्हटले तर आपण त्याची दहा कारणे शोधतो, त्याला जवळ बसवतो, डॉक्टरला दाखवतो. दुकानदाराने "माल नाही" म्हटले तर कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवतो. मग ज्या नकाराने आपली गाठ सुटते तेवढाच नकार आपण तत्काळ, आदरपूर्वक आणि तत्त्वज्ञानाच्या आधाराने का स्वीकारतो? माझ्या सहशिक्षकांच्या युक्तिवादाला माझे उत्तर हे की, व्यक्तीच्या शब्दाचा मान राखण्याचे तत्त्व मला मान्य आहे. पण ते तत्त्व ऐकणाऱ्याच्या फायद्याच्या दिवशीच आठवत असेल तर त्याची जरा उलटतपासणी व्हायला हवी. नकार देणाऱ्याची नव्हे, घेणाऱ्याची.

उलटतपासणी म्हणजे काय करायचे? पुन्हा पुन्हा "चल ना, चल ना" म्हणणे हा उपाय नाही. आग्रह हाही आपल्याकडे एक विधीच आहे. तीनदा आग्रह, तीनदा नकार, मग दोघेही मोकळे. त्यातून काही कळत नाही. कळले ते माझ्या मुलीमुळे. तिने "आजी, तू येतेस का?" असे विचारलेच नाही. यादीच्या कागदाखाली थोडी जागा उरली होती, ती दाखवून तिने विचारले, "आजी, तुला तिथलं काय बघायचंय?"

आईला हा प्रश्न बहुधा जन्मात कोणी विचारला नव्हता. ती निवडत बसलेली मेथीची जुडी तशीच ठेवून म्हणाली, "तिथं अजून धुराची इंजनं हाईत का?" मग तिने सांगितले. आजोबा दौंडच्या लोको शेडमध्ये होते. मनमाडचा फाटा १८७८ साली झाल्यापासून दौंड हे मोठे जंक्शन. रात्रंदिवस इंजिनांचा राबता. पोरवयात ती त्यांचा डबा घेऊन जाई. एका इंजिनाच्या अंगावर पितळी पाटी होती, आजोबा ती चिंध्यांनी पुसून लखलखीत करीत आणि तिला म्हणत, "ही पाटी वाच. ग्लासगो. हे इंजिन त्या गावचं." तिला वाचता येत नव्हते, पण ते नाव तिने पाठ केले होते. माझ्या आईच्या तोंडून ग्लासगो हा शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला.

मी शोधून पाहिले. ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी १९०३ साली स्थापन झाली. डब्ल्यू. जी. जातीची पहिली इंजिने १९५० च्या सुमारास तिनेच बांधून हिंदुस्थानात पाठवली. पुढे ती चित्तरंजनला होऊ लागली. १९६२ साली ती कंपनी बंद पडली. त्या शहरातल्या रिव्हरसाइड म्युझियममध्ये तिथेच बांधलेले आणि दक्षिण आफ्रिकेत राबलेले एक प्रचंड इंजिन २००७ साली परत आणून ठेवले आहे. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये १८१४ च्या सुमाराचे 'पफिंग बिली' आहे. जगात टिकून राहिलेले सर्वांत जुने आगगाडीचे इंजिन ते. पण ग्लासगो हे लंडन नव्हे. लंडनहून ते चारशे मैल लांब आहे. म्हणजे आमच्या पाच जणांपैकी जिचे पैसे होते तिची इच्छा आमच्या बेतात कुठेच बसत नव्हती. मुलीने यादीत खाली 'ग्लासगो' लिहिले. आई म्हणाली, "आपलं इचारलं म्हून सांगितलं गं. मला काय जायाचं न्हाई."

आता तिच्या तोंडची दोन वाक्ये माझ्यापुढे होती. एकात तिची इच्छा होती, दुसऱ्यात नकार. आणि दोन्ही तिचीच. पहिले खरे धरून दुसरे खोटे ठरवण्याचा अधिकार मला नाही. पाहावेसे वाटणे आणि तरी न जाणे, हेही एखाद्याचे पुरते विचारान्तीचे मत असू शकते. गुडघे काही ढोंग करीत नाहीत. मात्र एवढे मला स्पष्ट दिसले की, ज्याच्या हातात तिकीट नाही त्याचे "नको" आणि ज्याच्या हातात ते आहे त्याचे "नको" हे दोन वेगळे शब्द आहेत, उच्चार सारखा असला तरी. पहिल्याने नाकारण्यासारखे काही असतेच कुठे? म्हणून मी तिला "चल" म्हटले नाही. मी तिच्या पासपोर्टाचा अर्ज भरला. ती आली नाही तरी पासपोर्ट दहा वर्षे राहील. तिच्या नावचे पासबुक माझ्या कपाटात असे, ते तिच्या पेटीत ठेवायला दिले. पाचांचा हिशेब नव्याने मांडला: मुक्कामाचे दोन दिवस कमी केले, ग्रीनिच यादीच्या तळाला नेले आणि जायचे ते वर्षभराने ठरवले. सहशिक्षक म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्यांच्यावर दडपण आणताय." मी म्हटले, "दडपण आजवर होतेच. मी ते दुसऱ्या पारड्यात थोडे टाकून पाहतो आहे."

अर्जात जन्मतारीख लिहायची वेळ आली. शाळेच्या दाखल्यावर १ जून. आमच्या भागात जुन्या लोकांपैकी भल्या मोठ्या संख्येचा जन्म १ जूनला झालेला आहे, कारण पोर शाळेत घालायला आणले की हेडमास्तर जी तारीख सोयीची तीच घालीत. आई म्हणाली, "मी तर दिवाळीतली. बलिप्रतिपदेची." पण दाखला म्हणतो १ जून, तर १ जून. जन्मगाव दौंड. फोटोसाठी चष्मा काढायला लावला तेव्हा ती फोटोवाल्याला म्हणाली की मग मी दिसेन, पण मला काही दिसणार नाही. पुण्याला पासपोर्टाच्या कचेरीत जाताना तिने रांजणगावला गाडी थांबवायला लावून गणपतीला नारळ दिला. कशासाठी ते तिने सांगितले नाही.

पंधरा दिवसांनी पोलिसांकडून चौकशीला एक तरुण शिपाई आला. त्याने कागद पाहिले, शेजारच्यांच्या सह्या घेतल्या आणि चहा घेता घेता सहज विचारले, "काय आजी, कुठं निघालाय?"

आईने कपाळाला आठ्या घालून थोडा विचार केला. "अजून ठरलं न्हाई," ती म्हणाली.